छापखान्यामागची चूल

आपल्याकडे पितामह वाटण्याची खोड फार जुनी आहे. निबंधाचा पितामह, वृत्तपत्रांचा पितामह, आणि छपाईचा विषय निघाला की विल्यम कॅरे ठरलेलाच. कुठल्या ना कुठल्या व्याख्यानमालेत दरसाल एक वक्ते उठतात आणि सांगतात की, या एकट्या पुरुषाने सातासमुद्रांपलीकडून येऊन बंगालात श्रीरामपुरास छापखाना घातला आणि १८०५ साली देवनागरी खिळ्यांनी मराठीचे व्याकरण छापून काढले. टाळ्या पडतात. पुढच्या आठवड्यात दुसरे वक्ते उठतात आणि तितक्याच आवेशाने सांगतात की, तो सारा बाटवाबाटवीचा कारखाना होता, त्याचे गोडवे गाणे ही गुलामी आहे. त्यांनाही टाळ्या पडतात. कधीकधी हात तेच असतात. माझे भांडण या दोघांशीही आहे.

भांडण्याचा मला थोडा हक्क आहे. माझा उभा जन्म मुद्रिते तपासण्यात गेला. खिळ्यांचे युग आता संपले, पण मी सुरुवात केली तेव्हा ओल्या कागदावरची शाई बोटांना लागत असे. खिळे जुळवणाऱ्याच्या घरी आजारपण असले की ते आम्हांला मुद्रितावर आधी कळे. वेलांट्या उलट्या पडत, अनुस्वार गळत. त्यामुळे छापखाना म्हटला की मला यंत्राआधी घर दिसते. कोण केव्हा जेवले, कुणाचे मूल तापाने फणफणले आहे, घरभाडे थकले आहे का, हे सारे दिसते. आमच्या दोन्ही वक्त्यांना नेमके हेच दिसत नाही. त्यांना एक यंत्र दिसते आणि यंत्राशेजारी उभा एक साहेब दिसतो. एक त्याला हार घालतो, दुसरा चिखल फेकतो. साहेबाच्या घरात चूल होती की नव्हती, हे दोघेही विचारत नाहीत.

होती. आणि ती फार वाईट पेटली होती.

कॅरेची पहिली बायको डॉरथी. १७८१ साली लग्न झाले तेव्हा तिला सही करता येत नव्हती. नोंदवहीत तिने फुली मारली. ज्या घरातून पुढे सुमारे चाळीस भाषांत पुस्तके छापून निघाली, त्या घरच्या बाईची ही पहिली लिखित खूण. १७९३ साली नवऱ्याने हिंदुस्थानात जायचे ठरवले, तेव्हा ती गरोदर होती, आणि तिने चक्क नाही म्हटले. ध्यानात घ्या, अठराव्या शतकातल्या खेड्यातल्या बाईने नवऱ्याला आणि धर्मकार्याला एकदम नाही म्हटले! थोरल्या मुलाला बरोबर घेऊन तो निघालाही. पण जहाजाचा काही घोटाळा झाला, जाणे लांबले, आणि तेवढ्यात त्याच्या सहकाऱ्याने घरी येऊन तिला असे काही गाठले की, नाही म्हणायला जागाच उरली नाही. धाकटी बहीण सोबत येईल तर येते, एवढी एकच अट तिने घातली. कुशीत काही आठवड्यांचे मूल घेऊन ती जहाजावर चढली.

पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. परक्या मुलखात त्याची कबर खणायला माणूस मिळेना. बाईचे मन तिथे उलटले ते पुन्हा कधी सरळ झाले नाही. पुढची सारी वर्षे ती वेडाच्या झटक्यांत काढत होती, आणि शेजारच्या खोलीत कॅरेसाहेब भाषांतरे करीत, मुद्रिते तपासत बसलेले असत. डिसेंबर १८०७ मध्ये ती सुटली. आपले मराठी व्याकरण तयार झाले ते याच भिंतीच्या अलीकडे. चरित्रकारांनी बहुतेक ठिकाणी डॉरथीला साहेबांच्या कार्यातली एक अडचण म्हणून दोन-चार ओळींत आटोपले आहे. मी म्हणतो, अडचण कोणाची कोणाला झाली, हे एकदा तिच्या बाजूने लिहून पाहा.

उलट हॅरिएट न्यूएलचे पाहा. मुंबईस जो अमेरिकन मिशनचा छापखाना पुढे नावारूपास आला, त्या मिशनच्या पहिल्या तुकडीतली ही मुलगी. कंपनी सरकारने कलकत्त्यात थारा दिला नाही, म्हणून नवराबायको समुद्रातच हिंडत राहिली. वाटेत जहाजावर मूल झाले आणि गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर हॅरिएटही गेली. वय वर्षे एकोणीस. मुंबई तिने पाहिलीच नाही. पण तिने नाही म्हटले नव्हते. म्हणून तिचे चरित्र दोन वर्षांत छापून निघाले आणि अमेरिकेत घरोघर वाचले गेले. ते वाचून आणखी मुली बोटीत बसल्या. राजीखुषीने मेलेल्या बाईचे पुस्तक होते, नाही म्हणालेल्या बाईची तळटीप होते. हा न्याय आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू नये. आपल्या थोर पुरुषांची चरित्रे काढून पाहावीत.

बरे, बायका नुसत्या मरत होत्या असेही नाही. श्रीरामपूरचा छापखाना चालला कशावर? आमचे पहिले वक्ते म्हणतील श्रद्धेवर, दुसरे म्हणतील विलायतेच्या पैशावर. विलायतेहून पैसा येई, नाही असे नाही. पण रोजचा गाडा मोठ्या अंशी कॅरेच्या फोर्ट विल्यम कॉलेजातल्या पगारावर आणि मार्शमन दांपत्याच्या निवासी शाळांच्या मिळकतीवर चाले. १८०० साली त्या शाळा सुरू झाल्या, आणि त्यांचा संसार हॅना मार्शमनने ओढला. सगळी कुटुंबे एका छताखाली, एका पंगतीला, सगळ्यांची मिळकत एका थैलीत, असा तो प्रकार होता. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या बायकांना अशा घरात कोणाची पाठ मोडते हे मी सांगायला नको. आई अशी आणि बाप कागदांत बुडालेला, त्यामुळे कॅरेची पोरे उनाड झाली होती. त्यांना माणसांत आणले ते हॅनाने आणि मुद्रक विल्यम वॉर्डने. थोरला फेलिक्स वॉर्डच्या हाताखाली छपाई शिकला, ब्रह्मदेशात गेला, आणि १८१४ साली आव्याच्या राजाकडे छापखाना नेताना त्याची बायकोमुले इरावती नदीत डोळ्यांदेखत बुडाली. १८१२च्या मार्चमधली छापखान्याची आग सगळे वक्ते सांगतात, कारण तीत कागद आणि हस्तलिखिते जळाली. इरावतीचे कोणी सांगत नाही.

आणि बाहेरचे हात? बंगाली-देवनागरी खिळ्यांचे पंच कोरले पंचानन कर्मकाराने, आणि तो गेल्यावर त्याचा जावई मनोहर याने. मराठी शिकवली फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडिताने. गंमत अशी की, कॅरेने व्याकरणाच्या प्रस्तावनेत या पंडिताचे ऋण स्वतः कबूल केले आहे. साहेबाने दिलेले श्रेय आपण काढून घेतले आणि साहेबालाच परत केले! अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली हिंदुस्थानातल्या छपाईचा इतिहास इंग्रजीत कसोशीने लिहून ठेवला. तो कपाटात राहिला आणि व्याख्याने जशी होती तशीच राहिली.

आता दुसऱ्या वक्त्यांकडे वळतो. बाटवण्याचा हेतू होता का? होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ साली मराठी छपाई सुरू केली ती धर्मप्रसाराच्या चोपड्यांनीच. त्या चोपड्यांत आपल्या देवादिकांविषयी जे लिहिले जाई ते वाचून आजही अंगाचा तिळपापड होतो. त्याची मी वकिली करणार नाही. पण हेतू एक आणि हात दुसरे. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचा पोरगा खिळे पाडायला शिकला आणि त्याने मराठी अक्षराला असे वळण दिले की, डोळे निवावेत. तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि पंचांग छापले. छापील कागदाच्या शाईत चरबी असेल म्हणून सोवळ्यातली माणसे त्याला शिवायला भीत, त्या काळातली ही गोष्ट. जावजी दादाजी पोरवयात त्याच मिशनच्या छापखान्यात राबले. त्यांनी १८६४ साली खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर. जोडीला राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरे कोरणारा कारागीर. मूर्तिपूजा बुडवायला निघालेल्यांच्या दारात जे हात तयार झाले, त्यांनीच आपली काव्ये, पुराणे आणि शास्त्रे इतकी शुद्ध आणि देखणी छापली की, काशीचे पंडितही निर्णयसागरची प्रत मागत. याला कारस्थान म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. पण ते उलटवले कोणी, त्या माणसांची नावे तरी घ्या.

या मिशनऱ्यांचा संसार मुंबईतही तसाच. गॉर्डन हॉलची बायको १८२५ साली मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली. हॉल मागे राहिला, कारण नव्या कराराची मराठी छपाई व्हायची होती. मार्च १८२६ मध्ये त्र्यंबकेश्वराकडच्या एका खेड्यात पटकीने तो गेला. छपाई त्याच वर्षी पुरी झाली. बायकोला बातमी किती महिन्यांनी पोहोचली असेल, हिशेब तुम्हीच करा. त्या काळी बोटीला चार-पाच महिने सहज लागत.

राहता राहिले केडगाव. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये छापखाना घातला आणि तिथे दुष्काळातून आलेल्या, घराने टाकलेल्या बायकांच्या हाती खिळे दिले. जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या बायका, पुस्तके बांधणाऱ्या बायका. भाषांतर रमाबाईंचे, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले. १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्या बायका थांबल्या नाहीत. १९२४ साली ते मराठी बायबल छापून बाहेर आले.

इथे मात्र आमच्या दोन्ही वक्त्यांची दातखिळी बसते. पहिल्यांना इथे हार घालायला साहेब सापडत नाही. दुसऱ्यांना रमाबाईंनी धर्म बदलला हे एवढे बोचते की, खिळ्यांच्या पेटीपुढे उभी राहिलेली बाल्यातली विधवा त्यांना दिसत नाही. केडगाव पुण्याहून आगगाडीने जेमतेम दीड तासाच्या वाटेवर आहे. मराठी मुद्रणावर बोलणाऱ्यांपैकी कितीजण तिथे जाऊन आले, असे मी गेली काही वर्षे प्रत्येक व्याख्यानानंतर उभा राहून विचारतो. अध्यक्ष आभारप्रदर्शनाकडे वळतात.