तासाभराच्या उड्डाणाचा हिशेब

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळापासून गोव्याच्या मोपा विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. विमानाला ते कापावयास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. रस्त्याने हेच अंतर, घाट उतरून, चारशेच्या घरात जाते आणि त्यात सबंध दिवस मोडतो. ९ जून २०२५ रोजी ही विमानसेवा सुरू झाली. अशा वेळी या दोन आकड्यांची वजाबाकी हाच विकासाचा पुरावा मानण्याची आता रीत पडली आहे.

ही वजाबाकी मुळातच फसवी आहे. प्रवाशाला उड्डाणाच्या किमान तासभर आधी विमानतळ गाठावा लागतो. मोपा हे गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात. तेथून पणजी, आणि मडगाव तर त्याहूनही, लांब पडते. तरीही वेळ वाचतो, हे मान्य करावयास हरकत नाही. तो कोणाचा वाचतो आणि कोणाच्या पदरचा खर्च होऊन, एवढे मात्र विचारावे लागेल.

या उड्डाणासाठी १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी पाडण्यात आली. ती विनापरवाना होती, असे महापालिकेचे म्हणणे. कायद्याचा मुद्दा क्षणभर मान्य केला, तरी कायद्याची ही तत्परता ऊस उत्पादकांच्या मालकीच्या चिमणीपुरतीच कशी जागी होते? बोरामणीला नव्या विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन वर्षे लोटली. तेथे अद्याप विमान उतरलेले नाही. तो विमानतळ वेळेवर झाला असता, तर होटगी रस्त्यावरची ही चिमणी कोणाच्या वाटेत आली असती? एका ठिकाणी शेतकऱ्याची जमीन गेली आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या कारखान्याची चिमणी. बदल्यात सत्तरएक आसनांचे एक विमान मिळाले, आणि चिमणी पडल्यावर त्याचीही जवळजवळ दोन वर्षे वाट पाहावी लागली!

'उडान' योजनेची रचना सर्वश्रुत आहे. काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवावयाचे आणि त्यामुळे येणारी तूट कंपनीला तीन वर्षे अनुदानाने भरून द्यावयाची. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, अशी ग्वाही २०१७ मध्ये देण्यात आली होती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने तिची झाडाझडती घेतली आहे. मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली. आणि त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत, ५४ मार्ग तेवढे तगून होते. अनुदान आटले की विमान उडून जाते, ते परत येत नाही.

सोलापूरची विडी कामगार स्त्री गोव्याला विमानाने जाणार नाही. ती माहेरी जाते ती एस.टी.ने, आणि त्या एस.टी.चे भाडे जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. तिची तूट भरून काढणारी 'उडान' कोणी काढली नाही. फलाटावर गाडीची वाट पाहण्यात तिचे जे तास जातात, ते मोजण्याचे यंत्र कोणत्याही मंत्रालयात नाही.

राज्य सरकारने चिमणी पडल्याने झालेले नुकसान, बोरामणीच्या जमिनी आणि प्रत्येक आसनामागे दिलेले अनुदान हे तिन्ही रकाने विधिमंडळापुढे मांडावेत. आणि त्याच तक्त्यात सोलापूर आगारातून सुटलेल्या व रद्द झालेल्या गाड्यांचीही नोंद असावी.