कुंडलीच्या जोडीला कार्ड

लग्नाची बोलणी सुरू झाली की आधी कूळ पाहतात, देवक पाहतात, सोयरे कोण याची चौकशी होते. आदिवासी भागांत आता त्यात आणखी एका कागदाची भर पडते आहे. हे सिकलसेल तपासणीचे कार्ड. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ० ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, हे उद्दिष्ट.

आजार क्रूर आहे, यात शंका नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा उठतात. महाराष्ट्रात त्याचा जोर विदर्भात आणि नंदुरबारकडे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पण वाहक म्हणजे रोगी नव्हे. उलट हा गुणधर्म लहान मुलांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण देतो. म्हणून तर तो हिवतापाच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

गणित एवढे साधे. मांडवापर्यंत जाता जाता ते बिघडते. अकोले तालुक्यातले राजूर घ्या. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथे, आसपास महादेव कोळी आणि ठाकर वाड्या. उद्या इथल्या एखाद्या मुलीच्या कार्डावर 'वाहक' हा शब्द आला, तर तो दवाखान्यातच राहील काय? 'पोरीच्या रक्तात खोट आहे' एवढेच लोक ऐकतील. मुलाच्या कार्डावर तोच शब्द असला, तर ते कार्ड पेटीच्या तळाशी जाईल. आपल्या समाजाची ही तऱ्हा आपल्याला ठाऊक नाही असे थोडेच आहे! आणि मुलगी आश्रमशाळेत असतानाच तपासली गेली, तर निकाल आधी कोणाच्या हाती द्यायचा? मुख्याध्यापकांच्या, बापाच्या, की जाणती झाल्यावर तिच्याच?

ग्रीसमधील ओर्कोमेनोस या गावात पूर्वी हाच प्रयोग झाला. सर्वांना निकाल सांगितले आणि वाहकांनी आपसांत लग्न टाळावे असा सल्ला दिला. पुढे काही वर्षांनी पाहिले, तर अनेकांनी निकाल लपवून लग्ने केली होती आणि वाहकांवर डाग मात्र बसला होता.

म्हणून तपासणी नको, असे मी म्हणणार नाही. माहिती दडवणे हाही अन्यायच. पण निकाल ज्याचा त्याला, एकांतात, त्याच्या बोलीत, अर्धा तास बसून समजावणारे माणूस हवे. साखरपुड्याआधी कार्ड दाखवा, अशी अट कोणी घालू नये. दोघांनी जाणूनबुजून लग्न केले, तर गर्भाची तपासणी करता येते; १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानेही रक्ताच्या अशा आजारांसाठी तिला मुभा ठेवली आहे. परंतु ही सोय मोठ्या शहरांत. राजूरच्या बाईने गरोदरपणात मजुरी बुडवून तिथे किती खेपा घालायच्या? सोय जवळ नसेल, तर तिच्यापुढे लग्न मोडणे किंवा नशिबावर हवाला ठेवणे, एवढेच उरते. याला निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय 'उच्चाटन' हा शब्द आजारी मुलाच्या कानांवर कसा पडत असेल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला स्थान मिळाले. हायड्रॉक्सियुरिया नेमाने घेतले तर कळांची वारंवारता घटते. आता हे औषध डोंगरावरच्या वाडीतल्या मुलाला महिन्याच्या महिन्याला मिळते का, हे कार्डावर लिहिलेले नसते.