पुजारीण होती, म्हणून समता होती का?

"प्राचीन सुमेरमध्ये बायका पुरोहित होत्या, म्हणजे ती समतेची संस्कृती होती," हा युक्तिवाद आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या चर्चेत ऐकू येतो. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा आम्हाला मान्य नाही, आणि हे आपणच आपसात बोललेलं बरं. कच्च्या पुराव्यावर उभी केलेली बाजू समोरचा पहिल्या पाच मिनिटांत पाडतो.

सुमेरच्या नगरांत देवळाच्या सर्वोच्च पुरोहितपदाला 'एन' म्हणत. दैवत पुरुष असेल तर एन बहुधा स्त्री, दैवत स्त्री असेल तर एन पुरुष. म्हणून उर नगरात चंद्रदेव नन्नाची एन बाई असे आणि उरुकमध्ये इनान्ना देवीचा एन पुरुष. इ.स.पू. २३०० च्या सुमारास उरच्या या पदावर एन्हेदुआन्ना होती. तिचं नाव आणि चित्र कोरलेली दगडी चकती लिओनार्ड वुली यांना उरच्या उत्खननात सापडली. इनान्नेची स्तोत्रं तिच्या नावावर आहेत. ती तिनेच रचली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. तरी नाव माहीत असलेली जगातली पहिली लेखक म्हणून तिच्याकडेच बोट दाखवलं जातं. 'बाईला मंत्राचा अधिकार नाही' म्हणणाऱ्यांसमोर हे उदाहरण जरूर ठेवा.

पण ती कोणाची कोण होती, हेही सांगा. अक्कडचा सम्राट सारगोन याची ती मुलगी. बापाने सुमेरी नगरं जिंकली आणि तिथल्या मोठ्या देवळात घरचं माणूस बसवलं. पुढे राजवंश बदलले, तरी कितीतरी शतकं उरचं हे पद राजघराण्यातल्या मुलींकडेच जात राहिलं. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबिलोनच्या नबोनिदसने बंद पडलेली ही प्रथा उकरून काढली, तेव्हा तिथे बसवलं कोणाला? स्वतःच्या मुलीला. बाई असणं आड येत नव्हतं, जन्म मात्र लागत होता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बोट ठेवलं ते याच जागी: वंशपरंपरेचं पौरोहित्य बंद करा, परीक्षा घ्या, सनद द्या.

आणि ज्यांना असा जन्म नव्हता त्या बायका? त्या देवळांच्या आणि राजवाड्यांच्या मागावर विणत होत्या, धान्य दळत होत्या. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातल्या मातीच्या पाट्यांवर त्यांचा शिधा लिहिलेला आहे. पुरुष मजुराला महिन्याला साधारण ६० सिला जव, बाईला ३०. एक सिला म्हणजे जवळपास एक लिटर.

'गला' नावाच्या पुरोहितांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. हे विलापगीतं गाणारे. ते गात ती 'एमेसाल' ही बोली; सुमेरी साहित्यात देवी आणि बायका हीच बोली बोलतात. काही गलांना बायकामुलं असल्याच्या नोंदी आहेत, तरी त्यांना पुरते पुरुष मानत नसावेत; सुमेरी म्हणींमध्ये त्यांची टवाळी आहे. इनान्ना पाताळात अडकते तेव्हा तिला सोडवायला एन्की देव दोन जीव घडवतो, कुर्गारा आणि गलातुरा. ते ना स्त्री ना पुरुष, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. आपले तृतीयपंथी साथी ही कथा अभिमानाने सांगतात आणि त्यांनी ती सांगावीच. पण घडवतो कशापासून? नखाखालच्या मळापासून. (कोणाचा जन्म पायातून झाला, हे ऐकत मोठे झालेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

आता लगशचा राजा उरुइनिमगिना. काळ इ.स.पू. २३५० च्या आसपास. त्याच्या सुधारणांचा लेख आपल्या लोकांनी वाचायलाच हवा. प्रेत पुरायला नेलं की पुरोहित ७ घडे बिअर आणि ४२० भाकरी घेई, शिवाय इतर वस्तू. राजाने ते ३ घडे आणि ८० भाकरींवर आणलं. मयताच्या घरून वसुली करण्याचा धंदा किती जुना आहे, याचा हा लेखी पुरावा.

त्याच राजाच्या त्याच सुधारणांमध्ये आणखी एक वाक्य येतं. पूर्वी बायका दोन-दोन पुरुष करीत, आता त्यांना ते सोडायला लावलं आहे. याचा नेमका अर्थ काय, दोन नवरे की विधवेचं दुसरं लग्न, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पुरोहिताच्या भाकरी कमी झाल्या, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे. आणि त्याच राजाने बायकांवर बंदी घातली, हेही.