गाडी विकली, नाव राहिले

हमरापूर, जोहे ही आमच्या पेण तालुक्यातील गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वांना ठाऊक आहेत. आषाढ-श्रावणात मूर्ती बाहेर पडू लागल्या की रस्त्याला जुन्या पिकअप आणि टेम्पोंची रांग लागते. त्यांतील क्वचितच एखादी गाडी कंपनीतून निघाली तशी राहिलेली असते. हौद्यात फळ्या ठोकून दोन मजले, हातभर वाढवलेल्या जाळ्या, ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी, तळाशी पेंढा. मोसम सरला की फळ्या निघतात आणि त्याच हौद्यात विटा, भाताची पोती, नाहीतर बर्फातली मासळी जाते.

1986 साली आलेली टाटा 407 आणि 2005 चा ‘छोटा हत्ती’ यांनी कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली, आपल्या मोहल्ल्यांतही. पहिला मालक दूध वाहतो, दुसरा छप्पर घालून भाजी विकतो, तिसरा पाटा वाढवून रेती भरतो, चौथा बाकडी टाकून वऱ्हाड नेतो. वेल्डिंगवाल्याच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी!

गाडीचे रूप चारदा बदलते, पण आरसी बुकात नाव पहिल्याच मालकाचे. का? तर, ‘‘घरचाच माणूस आहे सर, कागद कशाला?’’

उर्दू-मराठी कागद वाचून घ्यायला पालक आमच्याकडे येतात. मागे एक गृहस्थ अपघाताच्या दाव्याची नोटीस घेऊन आले. टेम्पो विकून तीन वर्षे झालेली, विमा संपलेला, नवा मालक फोन उचलेना. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे वकिलाकडे गेले.

सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण होते. 2007 मध्ये विकलेली मोटार पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि 2009 मध्ये तिचा अपघात झाला. 6 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव, कायद्याने तोच मालक. जखमी माणसाने मालकांची साखळी शोधत का फिरावे? आम्हाला हे रास्तच वाटते.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. दर रमजानला ती आपण वाचतो. मग नातलगाकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास, हे कोठून शिकलो?

काम अवघड नाही. विकणाऱ्याने फॉर्म 29 राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत, घेणाऱ्याने फॉर्म 30 तीस दिवसांत द्यायचा. एमएच-06 च्या गाड्यांसाठी कार्यालय पेणलाच आहे. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो. विमाही नव्या नावावर करून घ्यावा.

हौद्याचेही तसेच. आरसीतील तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय केला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सांधलेली चासी, वाढवलेला पाटा घेणाऱ्याला आधी सांगणे हा त्याचा हक्क आहे. ऐब लपवून घेतलेला पैसा हलाल कसा? मालगाडीत बसवलेल्या वऱ्हाडाला विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही, हेही बाकडी टाकणाऱ्याने घरच्या बायकामुलांना चढवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

विकणाऱ्यांनी दोन्ही फॉर्मवर सह्या होऊन पावती हाती येईपर्यंत किल्ली देऊ नये. पावतीची एक प्रत घरच्या कागदांत ठेवावी आणि ती कोठे आहे हे बायकोलाही सांगावे.