अर्धशिशी आणि मॅग्नेशियम : नकार आणि अतिरेक

अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठी मॅग्नेशियम घ्यावे का, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे, मग गोळी कशाला? दुसरा म्हणतो, बाकी औषधे सोडा, ही एकच पुरे. दोघांचेही म्हणणे तपासल्यावर टिकत नाही.

शरीरात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेले बहुतेक पेशींत. सीरममध्ये एक टक्काही नाही. तेव्हा नॉर्मल रिपोर्टवरून साठा भरलेला आहे असे ठरत नाही. मज्जापेशींना उत्तेजित करणाऱ्या एनएमडीए या ग्राहींना (रिसेप्टर्सना) मॅग्नेशियम आवर घालते. अर्धशिशीत मेंदूच्या पृष्ठभागावरून उत्तेजनाची लाट सरकते, तिच्याशी या गुणाचा संबंध जोडला जातो. मात्र तर्क जुळला म्हणून औषध सिद्ध होत नाही. त्याला चाचणी लागते.

जर्मनीतल्या अशा दोन चाचण्या 1996 साली प्रसिद्ध झाल्या. एकीत 81 रुग्णांपैकी काहींना रोज 600 मिलिग्रॅम मॅग्नेशियम सायट्रेटच्या रूपात बारा आठवडे दिले. त्यांचे झटके 41.6 टक्क्यांनी घटले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे 15.8 टक्क्यांनी. दुसऱ्या चाचणीत वेगळा क्षार वापरला गेला आणि काहीच फरक दिसला नाही. नकार देणारे दुसरीच चाचणी पुढे करतात, विकणारे पहिलीच. पुरावा मध्यम आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. अमेरिकी तज्ज्ञसंस्थांनीही 2012 मध्ये मॅग्नेशियमला ‘बहुधा परिणामकारक’ याच पायरीवर ठेवले होते.

आता आहार. नागपूर जिल्ह्यातला कळमेश्वर-काटोल हा संत्र्याचा पट्टा. पण शंभर ग्रॅम संत्र्यात मॅग्नेशियम जेमतेम दहा-बारा मिलिग्रॅम. बागायतदाराला मात्र मॅग्नेशियम चांगले ठाऊक असते. संत्र्याच्या जुन्या पानाच्या कडा पिवळ्या पडून देठाकडे हिरवा त्रिकोण उरला, की झाडावर मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. ती फवारणीची पुडी माणसाच्या पोटासाठी नाही, आणि शुद्ध औषधी रूपातही हा क्षार जुलाबाचाच.

माणसाचे मॅग्नेशियम वऱ्हाडी-नागपुरी ताटात दुसरीकडेच आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ते सव्वाशे मिलिग्रॅमच्या पुढे असते, पॉलिश केलेल्या तांदळात विसाच्या आसपास. दोन चमचे जवसाची चटणी पस्तीस-चाळीस मिलिग्रॅमची भर घालते; वर मूठभर फुटाणे, पालक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज 440 आणि स्त्रीला 370 मिलिग्रॅम लागते. भाकरी सोडून भातावर आलेल्या घराला एवढे गाठणे जड जाते. उपासाचा साबुदाणा तर या बाबतीत रिकामाच. राजगिरा कितीतरी सरस. शिवाय कित्येकांचे डोके उपाशी राहिल्यानेच उठते. नुसत्या आहाराचा पुरावा गोळीच्या पुराव्याहूनही तोकडा आहे, पण भाकरी-चटणीने बिघडत काहीच नाही.

गोळीचे तसे नाही. पोट सैल होणे ही नेहमीची तक्रार. मूत्रपिंड अधू असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचून जीवावर बेतू शकते. थायरॉईडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स त्याच्यासोबत घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. गर्भवतीने परस्पर घेऊ नये. लेबलही नीट वाचावे : 400 मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 240 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, आणि तेही फारसे शोषले न जाणारे.

पहाटेच्या जिलेबी-दुधापासून मेडिकलमधल्या पेनकिलरपर्यंत सगळे करून बसलेल्यांना हा उपाय त्यामानाने स्वस्त आहे, एवढा त्याचा कैवार घेता येतो. महिन्यातले दहा-पंधरा दिवस पेनकिलर पोटात जात असेल, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवत असू शकतात. तो घोळ आधी सोडवावा लागतो. अचानक उठलेली असह्य कळ, ताप आणि मान आखडणे, हातापायातली शक्ती जाणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली डोकेदुखी, यांत मॅग्नेशियमचा विचारही न करता रुग्णालय गाठावे. इतरांनी डॉक्टरांना विचारून तीन महिने गोळी घ्यावी, झटक्यांची तारीखवार नोंद ठेवावी आणि आकडा खाली आला नाही तर ती बंद करावी.