31 मार्चची सही

"त्याच्याकडे परवाना आहे ना, मग आम्ही काय करणार?" वाइन शॉपची तक्रार घेऊन सोलापुरात कोणाच्याही दारात जा, हे उत्तर तयार असतं. चौकीतला हवालदार हेच म्हणतो, झोन ऑफिसातला साहेब हेच म्हणतो, आणि निवडणुकीच्या महिन्यात तुमच्या घरी चहा पिऊन गेलेला कार्यकर्ताही हेच म्हणतो. उत्तर इतकं सहज येतं, की आपण कुणाच्या वाडवडिलांच्या मिळकतीवर डोळा ठेवून आलोय की काय, असं तक्रारदारालाच वाटू लागतं. म्हणून आधी त्याचाच समाचार घेतलेला बरा.

महाराष्ट्रात दारूविक्री चालते ती 1949च्या दारूबंदी अधिनियमाखाली. बंदी हा नियम आणि दुकान ही त्यातली सवलत, अशीच या कायद्याची रचना आहे. विकणाऱ्यालाच काय, पिणाऱ्यालाही परवाना लागतो. काउंटरवर पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना मिळतो. तो किती गिऱ्हाइकांनी डोळ्यांनी पाहिलाय हे विचारू नका. दारूचा व्यापार हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात सांगितल्याला तीस वर्षं झाली. परवान्याचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. मधल्या काळात अटी मोडल्या तर कलम 54 आहे, परवाना निलंबित करा किंवा रद्द करा. अटी मोडल्या नसल्या तरी अन्य कारणासाठी रद्द करायला कलम 56 आहे. शांतता बिघडणार असं दिसलं तर कलम 142 खाली जिल्हाधिकारी दुकान बंद ठेवायला लावू शकतात आणि मतदानाच्या, मिरवणुकीच्या दिवशी लावतातही. इतकी हत्यारं खुंटीला टांगलेली असताना "आम्ही काय करणार" म्हणायला वेगळीच हिंमत लागते.

आता या सवलतीचं प्रत्यक्षात काय होतं ते बघा. शहराच्या पूर्व भागातलं एखादं दुकान घ्या, नाव नको. संध्याकाळचे सात वाजलेत. यंत्रमागाची पाळी सुटलीय. दुकानाच्या जाळीतून एकाच वेळी पाच-सहा हात आत गेलेत. शेजारी चकण्याची गाडी: उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे, पाण्याचे पाऊच, प्लास्टिकचे ग्लास. चार पावलांवरच्या बंद शटरच्या पायरीवर क्वार्टरचं सील फुटतं. दिवसभर विड्या वळून, माल ब्रँचवर देऊन परतणाऱ्या बाया रस्त्याची ती बाजू सोडून दुसऱ्या कडेने जातात. ट्यूशनच्या पोरी सायकलवरून उतरत नाहीत, पायडल जोरात मारतात. एखादीने मागे वळून पाहिलंच तर पायरीवरून "काय बघायलास बे?" हे ठरलेलं. दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, मी सीलबंद बाटली विकली, माझा संबंध संपला. कागदावर त्याचं खरंही आहे. या दुकानांना बसून पिऊ द्यायची मुभाच नाही, त्यामुळे पिणारा बसतो तो रस्त्यावर. नफा गाळ्यात राहतो, बाकी सगळं गल्लीच्या अंगावर येतं.

अशा दुकानाच्या परवान्याचा दरवर्षी, शेजाऱ्यांना ऐकून, उघड फेरविचार व्हावा, इतकंच माझं म्हणणं आहे. त्यावर येणारे आक्षेप माझ्या ओळखीचे आहेत.

पहिला महसुलाचा. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं आणि त्यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील असा हिशेब मांडला. एवढा पैसा देणाऱ्या धंद्याला हात लावायचा? पण उत्पादन शुल्क बाटलीवर लागतं, दुकान कोणत्या गल्लीत आहे यावर लागत नाही. एक दुकान तासभर लवकर बंद झालं, किंवा शाळेच्या वाटेवरून उठून बाजारपेठेत गेलं, तर पिणारा तिथून घेईल आणि तिजोरीत तेवढेच रुपये पडतील. कुणी म्हणेल, छे, जवळ दुकान नसेल तर खप घटेल. मग दुकान जवळ आल्याने पिणं वाढतं हे त्यानेच कबूल केलं. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही.

शिवाय अबकारीच्या उत्पन्नाचा हा युक्तिवाद निदान सोलापुरात तरी जपून करावा. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर इथले लोक 8 तारखेला रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले होते. सरकारच्या लेखी ती झाडं म्हणजे उत्पन्न होतं. त्या दिवशी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण गेला, आणि पुढे चारच दिवसांनी शहरात लष्करी कायदा आला. त्या लष्करी कायद्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना दर 12 जानेवारीला हार घालणाऱ्या गावात तरी, आपल्या दाराशी दारू असावी की नसावी हे विचारायचा रहिवाशाला काय अधिकार, असं कुणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. दुकानं आवळली की हातभट्टी बोकाळते. मुंबईच्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली, ही गोष्ट कोणी विसरू नये. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये सरकारलाच ती उठवावी लागली. सरसकट बंदी कागदावर राहते आणि चोरट्या वाहतुकीला बरकत आणते, हे मलाही मान्य आहे. पण एका दुकानाच्या परवान्याचा फेरविचार आणि जिल्ह्याची दारूबंदी या दोन गोष्टी एका पारड्यात कशा घालता? वाइन शॉपमधली साधी क्वार्टरही आता दोनशेच्या वर गेली आहे. ती घेणारा दुकान लांब गेलं म्हणून हातभट्टीसाठी मुळेगाव तांड्याची वाट धरत नाही, तो गाडीला किक मारून पुढच्या चौकात जातो. हातभट्टीचं गिऱ्हाईक वेगळं, त्याचा खिसा वेगळा.

हातभट्टी कशाने कमी होते याचा धडा तर आपल्याच जिल्ह्यात मिळालाय. मुळेगाव तांड्यावर छापे पडायचे, रसायन ओतलं जायचं, पिंपं फुटायची आणि काही दिवसांत चुली पुन्हा पेटायच्या. 2021 मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतलं आणि भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार शोधून द्यायला सुरुवात केली. त्यात कुठेही तांड्याजवळ वाइन शॉप उघडा असा उपाय नव्हता.

तिसरा आक्षेप: दुकान आधीपासून होतं, वस्ती मागाहून आली. काही ठिकाणी हे खरंही आहे आणि तिथे दुकानदाराचं ऐकलंच पाहिजे. पण बहुतेक वेळा जुना असतो तो परवाना, जागा नव्हे. वाइन शॉपचे नवे परवाने देणं राज्याने जवळपास पाच दशकं थांबवलं होतं. त्यामुळे जुन्या परवान्यांना सोन्याचा भाव आला. परवाना एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा, आणि धंदा जिथे चालेल तिथे स्थलांतर. गल्लीच्या दृष्टीने ते दुकान कालच आलेलं असतं. येताना अंतराची टेप तेवढी लावली जाते. तीही कशी, तर दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, पायी माणूस ज्या जवळच्या वाटेने जाईल त्या वाटेने, शाळेच्या फाटकापर्यंत. खाजगी क्लास शाळेत मोजला जात नाही. पिढ्यानपिढ्या दिवा लागत असलेलं देऊळ सार्वजनिक न्यासाच्या रजिस्टरवर नसेल तर टेपपुरतं तेही देऊळ नव्हे. महामार्गापासून 500 मीटरचा डिसेंबर 2016 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवत असेल. महापालिकेच्या हद्दीला तो लागू नाही, असा खुलासा जुलै 2017 मध्ये झाला. शहरवाल्यांच्या हाती उरली ती टेपच.

मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं, की सोसायटीच्या गाळ्यात बिअर शॉप किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल. चांगली गोष्ट आहे. पण बैठ्या घरांच्या पेठेत सोसायटी कोण? झोपडपट्टीचा चेअरमन कोण? ना हरकत द्यायला लेटरहेड लागतं, आणि ज्यांच्या दाराशी बाटल्या फुटतात त्यातल्या बहुतेकांकडे ते नाही.

"एवढाच त्रास असेल तर आडवी बाटली करा की," हा शेवटचा टोमणा. मतदानाने दुकान बंद करायची ही सोय 2008च्या आदेशाने दिली हे खरं. आधी 25 टक्के मतदारांच्या किंवा महिला मतदारांच्या सह्या, मग त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि दुकान बंद व्हायला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला. खेड्यात हे जमतं, जमलेलंही आहे. सोलापुरात 2017 ला 26 प्रभाग होते आणि 2011च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाख. म्हणजे प्रभागाला सरासरी 36 हजार माणसं. त्यातल्या सज्ञान बाया साधारण बारा हजार धरा. तीन हजार सह्या गोळा करायच्या आणि सहा हजारांवर मतं पाडायची, तेही प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आणि ते दुकान कधी न पाहिलेल्या बायांकडून. यादीतली मयत नावं आणि पुण्याला कामाला गेलेल्या सुनाही हिशेबात उभ्या बाटलीच्याच बाजूला पडतात. पन्नास घरांच्या तक्रारीवर हा उतारा म्हणजे डास मारायला तोफ, आणि तोफेचा दारूगोळाही डास चावलेल्यानेच आणायचा.

आपल्याकडे एका टोकाला ही तोफ आहे आणि दुसऱ्या टोकाला परवान्याच्या नूतनीकरणाची 31 मार्चची गुपचूप सही. मधलं काहीच नाही. इंग्लंडमध्ये 2003च्या परवाना कायद्याने हे मधलं ठेवलं आहे. दुकानामुळे गुन्हे, उपद्रव, सार्वजनिक सुरक्षिततेला किंवा मुलांना धोका होत असेल तर साधा रहिवासीही फेरविचाराचा अर्ज करू शकतो. कौन्सिलची समिती दोन्ही बाजू ऐकते आणि वेळ कमी करते, अटी घालते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करते, नाहीच सुधारलं तर रद्द करते. पिणाऱ्यांच्या त्या देशात यामुळे दुकानं ओस पडलेली नाहीत.

दारूबंदीवाल्या माझ्या मित्रांना हे मिळमिळीत वाटतं. त्यांना दुकानच नको. त्यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण पिणाराही याच शहराचा नागरिक आहे आणि सगळं किंवा काहीच नाही या हट्टापायी गल्लीतल्या बाईच्या हाती वर्षानुवर्षं काहीच पडलेलं नाही. तिला उद्या संध्याकाळी सात वाजता त्या पायरीवर कोणी बसलेलं नको आहे. दुकानासमोर कोणी प्यायला बसलं तर हटवण्याची जबाबदारी परवानाधारकाची, चकण्याची गाडी ठरावीक अंतरापलीकडे, कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून, शाळा सुटायच्या वेळी जाळी बंद, आणि वर्षात ठरावीक तक्रारी सिद्ध झाल्या की पंधरा दिवस टाळं. अशा अटी सुनावणीत घालता येतील.

याने प्रामाणिक दुकानदाराचं नुकसान होईल असंही कोणी समजू नये. आज त्याच्या दाराशी अमुक संघटनेचं आंदोलनाचं निवेदन येतं आणि दोन दिवसांनी ते 'मॅनेज' होऊन परत जातं. सुनावणी उघड झाली तर हा मधला दलाल बेकार होईल. अधिकाऱ्यांना वेळ नाही ही सबबही आता चालू नये. शुल्क वाढवतानाच राज्याने उत्पादन शुल्क विभागासाठी बाराशेहून अधिक नवी पदं मंजूर केली आहेत.

तेव्हा मागणी सरळ आहे. फेब्रुवारीत प्रत्येक झोन ऑफिसच्या फळ्यावर त्या भागातल्या दुकानांची यादी लागावी: परवाना कुणाच्या नावावर, चालवतो कोण, त्या जागेवर कधीपासून, आणि वर्षात तक्रारी किती. पहिल्या तीन रकान्यांची माहिती दप्तरात असतेच. चौथा रकाना कोराच निघेल, कारण तक्रार तोंडी ऐकून माणसाला परत पाठवायची रीत आहे. म्हणून या जानेवारीपासून तोंडी सांगणं बंद करावं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी तिथे आधीच विहित नमुन्यात अर्ज द्यावा, एक प्रत राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना द्यावी, आणि दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.