विमान घरी बांधावं का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय असा आहे की निम्मे नातेवाईक रागावणार आणि उरलेले निम्मे "आम्ही आधीच सांगितलं होतं" म्हणून फोन करणार. पण गेले तीन महिने बारामतीहून आमचा जो फोन इंदापूरला ताईकडे जातो, त्यात दुसरा विषयच नसतो. म्हटलं, एकदाच काय ते सगळं लिहून टाकावं.

तर ज्यांच्यापर्यंत बातमी पोचली नाही (असं कोणी उरलं असेल असं वाटत नाही) त्यांच्यासाठी: माझ्या भाच्याला विमान बांधायचंय. खेळण्यातलं नाही, खरं. एका माणसाचं, वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पोरगा दहावीपासून ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करतोय, हात चांगला आहे. परदेशातून पैसे भरून आराखडे मागवलेत आणि सध्या नुसता वाचतोय. ताई म्हणते, लग्नाचं बघायचं सोडून हे काय भिकेचे डोहाळे. दाजी नेहमीप्रमाणे गप्प. मावशीच्या मते पोरगं घराण्याचं नाव काढणार. आणि मी इंजिनिअर, त्यातून मामा, म्हणून निकाल मी द्यायचा असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

माझं मत आधीच सांगतो. बांधावं. पण एकट्याने बांधू नये.

बारामतीत राहून विमानाचं वेड लागणं यात नवल काही नाही. गोजुबावी, कटफळ, तांदूळवाडी या बाजूला ज्यांची शेतं आहेत त्यांना विचारा. सकाळी धार काढताना डोक्यावरून शिकाऊ पोरांची विमानं घिरट्या घालत असतात. पण रोज विमान बघून ते उडवावंसं वाटणं वेगळं आणि बांधावंसं वाटणं वेगळं. "एवढी हौस आहे तर विमानतळावर जाऊन शीक की," असं ताई म्हणते ते पहिल्या हौसेला उत्तर झालं. दुसरीचं काय? आपण केलेल्या जोडावर टनभर ऊस लादून ट्रॉली रस्त्याने जाते तेव्हा वेल्डरला काय वाटतं, हे ज्याने कधी हाताने काही केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. विमान ही त्याच सुखाची शेवटची पायरी. शेकडो, हजारो रिव्हेट, प्रत्येक सरळ. चुकलेला मिलिमीटर कुठे लपवायची सोय नाही. अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये पाच-पाच, दहा-दहा वर्षं रोज संध्याकाळी तास-दोन तास हेच करतात. कितीतरी जणांचं विमान पुरं होतच नाही, आणि तरी ती माणसं फार दुःखी वगैरे दिसत नाहीत :)

जाता जाता एक गंमत. आपल्या एमआयडीसीत पियाजिओची जी ॲपे बनते, ती मुळात ज्याने काढली तो कोराडिनो दास्कानिओ विमानविद्येतला माणूस होता. १९३० साली त्याचं हेलिकॉप्टर १८ मीटर उंच गेलं आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. युद्धानंतर त्याने १९४६ मध्ये व्हेस्पा आणि १९४८ मध्ये ॲपे केली. म्हणजे ज्या तीनचाकीतून आपण मार्केट यार्डात भाजी नेतो तिचा बाप हेलिकॉप्टरवाला! भाच्याला हे सांगितलं तर त्याने ताईला लगेच ऐकवलं. ताईवर परिणाम शून्य.

(तळपद्यांचं विमान मध्ये आणू नका, ही हात जोडून विनंती. १८९५ साली चौपाटीवर विमान उडाल्याचा धड पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात त्यातली विमानं उडूच शकत नाहीत हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी १९७४ मध्येच तपासून सांगितलंय. असो.)

आता भीतीचं बोलू. आपल्या भागात विमानाच्या सुरक्षिततेवर बोलणं सोपं राहिलेलं नाही. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान कोसळलं. मुलगी एकटीच उडवत होती, थोडक्यात वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर चार दिवसांच्या आत दोन पडली, एक कटफळजवळ आणि एक गोजुबावीजवळ. ही सगळी कारखान्यात बनलेली, कागदपत्रं असलेली विमानं. म्हणून मावशी म्हणते, "कारखान्यातलं पडतंच ना, मग घरचं पडलं तर काय?" मावशी, हा हिशेब चुकीचा आहे. ती पडल्यावर चौकशी झाली, डीजीसीएने त्या संस्थेची उड्डाणं थांबवली, विमानं आणि माणसं पुन्हा तपासली. पडलेल्या विमानामागे विचारणारं कुणीतरी होतं. घरच्या विमानामागे कोण आहे, हा खरा प्रश्न.

फुलसावंगीचा मुन्ना शेख आठवतो का? यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं गाव. आठवी शिकलेला, वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा पोरगा. त्याने व्हिडिओ बघून बघून दोन वर्षांत एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं. इंजिन मारुती ८०० चं. स्वातंत्र्यदिनाला गावाला दाखवायचं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, चार-पाच दिवस आधी, रात्री जमिनीवरच इंजिन चालवून बघत असताना शेपटीचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पात्याला लागलं आणि त्याचा घाव आत बसलेल्या मुन्नाच्या डोक्यावर बसला. हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलंसुद्धा नव्हतं.

मी त्या बातम्या तेव्हा सगळ्या वाचल्या होत्या. सगळीकडे हळहळ, सगळीकडे "आठवी पास पोराची झेप". मला राग आला तो या शब्दांचा. त्या पोराकडे कसब होतं, चिकाटी होती. त्याच्याकडे नव्हता तो एक माणूस, जो बॅटरी घेऊन शेडमध्ये येईल आणि विचारेल, "हे शेपटीचं पातं कशाचं केलंस? मिनिटाला किती फेरे? एवढ्या फेऱ्यांना ते बाहेर किती जोराने ओढलं जाईल, काढलंस? आणि चालवून बघताना तू आत कशाला बसतोस? बांधून ठेव आणि लांबून चालव." असे चार प्रश्न. हे विचारणं ज्याचं काम आहे असा माणूस आपल्या व्यवस्थेत तालुक्याला सोडाच, जिल्ह्यालाही नाही. आपल्याकडे दोनच माणसं येतात. एक कौतुक करणारा, हार आणि मोबाइल घेऊन. दुसरा परवानगी विचारणारा, आणि तोही बातमी छापून आल्यावर.

ज्याला ही दुसऱ्या प्रकारची माणसं पुरेपूर भेटली तो कॅप्टन अमोल यादव. स्वतः वैमानिक, आणि कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारा. आधीचे दोन प्रयत्न फसल्यावरचं हे तिसरं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते ठेवलं होतं, तेव्हा त्याच्यापुढे रांग लागलेली. त्या विमानाला नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उडवून बघायची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं तोवर २०२० उजाडलं. लोक यातून एवढाच अर्थ काढतात की सरकार छळतं. छळत असेलही. पण यादवांकडे वैमानिकाचं शिक्षण होतं, वर्षानुवर्षं थांबायची ताकद होती. वर्कशॉपवाल्या पोराला तेच दार दिसलं तर तो दाराकडे जाणारच नाही, मागच्या शेतातून जाईल. दार इतकं अवघड असणं हीसुद्धा असुरक्षितताच.

अमेरिकेत हे कसं चालतं ते बघण्यासारखं आहे, कारण तिथे घरगुती विमानं हजारोंनी आहेत. १९५३ साली पॉल पोबरेझ्नी नावाच्या गृहस्थाने घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली, आता ओशकोशला दर उन्हाळ्यात त्यांची मोठी जत्रा भरते. निम्म्याहून जास्त काम स्वतः केलेलं असलं की विमान 'हौशी' म्हणून नोंदता येतं. सरकारी माणूस येऊन बघतो, मग पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या भागातच, पाहुणे न बसवता उडवायचं. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. संघटनेचे जुने जाणते सभासद फुकट शेडमध्ये येतात, पत्रा बंद करायच्या आधी आतले जोड बघतात. इंग्लंडमध्ये तर टप्प्याटप्प्यावर तपासनिसाची सही लागते. आपल्या केरळच्या अशोक तामराक्षन यांनी टाळेबंदीच्या काळात तिथे चार आसनी विमानाचं किट जोडलं, मुलीचं नाव दिलं आणि बायकामुलांना घेऊन युरोपभर फिरून आले, ते याच पद्धतीने.

एवढं असूनही तिथे सगळं आलबेल नाही, हेही ताईने वाचावं म्हणून लिहितो. तिथल्या अपघात तपासणाऱ्या मंडळाने २०१२ मध्ये अहवाल दिला. खासगी छोट्या विमानांत घरगुती विमानं साधारण दहा टक्के, पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि जीव गेलेल्या अपघातांत २१ टक्के. इंजिन बंद पडणं आणि विमान हातातून सुटणं ही मुख्य कारणं. आणि निम्म्याहून जास्त अपघात दुसऱ्याने बांधलेलं, जुनं विकत घेतलेल्या विमानांचे. गायक जॉन डेन्व्हर ऑक्टोबर १९९७ मध्ये गेला तो असाच. विमान नुकतंच घेतलेलं. बांधणाऱ्याने पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक मूळ आराखड्यात होता तिथे न बसवता चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. कॉक फिरवायला मागे वळावं लागे, आणि वळताना पायाने विमानच वळे. कुणातरी हुशार माणसाला वाटलं असणार की आपली जागा जास्त चांगली. आपल्याकडे तर हे रक्तातच आहे. आराखड्यात लिहिलेला बोल्ट मिळाला नाही तर "हा काय, तसाच आहे" म्हणून दुसरा मारायचा! ट्रॉलीला चालतं. ट्रॉली रस्त्याकडेला उभी करता येते.

गाडीच्या इंजिनाचंही तेच. गाडीत ते बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर चालतं, विमानात पाऊण हिश्श्यावर तासन् तास. तापणार, हादरणार, आणि आपला घाटातला अनुभव तिथे कामाला येणार नाही.

तर भाच्याशी मागच्या रविवारी बोलणं झालं. मी म्हटलं, मामा तुझ्या बाजूने आहे, पण तुझ्या बाजूने म्हणजे नुसत्या टाळ्या वाजवायला नाही. आराखड्यात एक भोक इकडचं तिकडे करायचं नाही. विमानाचंच इंजिन, नाहीतर पैसे साठेपर्यंत थांबायचं. प्रत्येक जोडाचा फोटो वहीत, तारखेसकट. बारामतीत विमानांची देखभाल करणारी माणसं आहेत, त्यांच्यापैकी एकाला दर महिन्याला घरी जेवायला बोलवायचं आणि जेवणाआधी शेड दाखवायची. उडवायला वेगळं, रीतसर शिकायचं, कारण बांधणारा हात आणि उडवणारा हात एक नसतो, आणि पाच वर्षं बांधत बसलेल्याचा उडवणारा हात गंजतो. परवानगीशिवाय चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत. आता नवा वायुयान कायदा आहे, १ जानेवारी २०२५ पासून, पण त्याआधीही हे चालत नव्हतंच. आणि इंजिन चालवताना आत बसायचं नाही, मुन्नाची आठवण ठेवून.

त्याने सगळं ऐकलं. वाद एकाच गोष्टीवर घातला, पंखाच्या चाचणीवर. पंख उलटा ठेवून त्यावर पोती रचून बघतात, हवेत येईल तेवढा भार तो पेलतो का ते. माणसासकट विमान ३०० किलोचं धरलं आणि चौपट भार धरला तर १२०० किलो, म्हणजे ५० किलोची २४ पोती. मी म्हटलं, वाळू. तो म्हणाला, "मामा, इंदापुरात वाळूची २४ पोती रचली तर आधी तहसीलदार येतील." सिमेंटचं पोतंही ५० किलोचंच असतं आणि दाजींनी गोठ्याच्या बांधकामाला आणून ठेवलंय. ते दाजींना विचारून घ्यायचंय. दाजी अजून काही बोललेले नाहीत, पण रविवारी शेडमध्ये उभे राहून पोती मोजताना मी त्यांना पाहिलं.